चौथ्या दिवसाच्या पेशी

मी उलटा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. उलटा म्हणजे बिघडलेला नव्हे. साध्या सूक्ष्मदर्शकाची भिंगं वर असतात आणि तो काचपट्टीकडे वाकून बघतो. माझा दिवा वर आहे आणि भिंगं खाली. जिवंत पेशी भांड्यातल्या पातळ द्रवात, तळाला चिकटून राहतात. तळ नीट बघायचा तर खालूनच बघावा लागतो. म्हणून मला असं घडवलं. सव्वीस वर्षं झाली, मी सगळं जग तळाकडूनच बघतो आहे. तुम्ही बसा जरा. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे, पण ते घाईत सांगता येणार नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. एका लांबलचक दालनात, पांढरी टोपी घातलेल्या एका वयस्कर कारागिराने माझी भिंगं बसवली. बारीक रेघा आखलेली एक काच तो माझ्यावर ठेवायचा, डोळा लावायचा, मान हलवायचा आणि एक स्क्रू केसभर फिरवायचा. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याने बघितलं, "सरळ आहे," एवढंच म्हणाला आणि हात पुसत जेवायला गेला. माझं बारसं म्हणा, शिक्षण म्हणा, ते एवढंच.

तिथून मी आलो तो थेट आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत. दुमजली इमारत, हिरवट रंगाच्या भिंती, जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांचा ढीग. मला वरच्या मजल्यावरच्या एका छोट्या खोलीत ठेवलं. डाव्या हाताला पेशी ऊबेत ठेवायचं कपाट, म्हणजे इनक्युबेटर. उजव्या हाताला धुलाईची मोरी. समोर अर्ध्या उंचीचं दार, आणि दारापलीकडे नमुने घेण्याची खिडकी. त्या खिडकीवर कोण येतं, काय विचारतं, ते मला सगळं ऐकू यायचं. दिसायचं मात्र नाही.

आता माणसांची ओळख करून देतो. फार नाहीत, तिघंच.

पहिल्या, निरोपताई. हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्या इथल्या तंत्रज्ञ. मी आलो तेव्हा तिशीच्या होत्या, ही हकीकत घडली तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. पेशी वाढवायच्या, त्यांना दोन दिवसांनी ताजा द्रव घालायचा, गर्दी झाली की नव्या भांड्यात हलवायच्या, हे त्यांचं काम. त्यांची एक सवय होती. तपासणी संपलेली प्लेट जाळण्याआधी किंवा उकळण्याआधी त्या ती पुन्हा एकदा माझ्यावर ठेवायच्या आणि डोळा लावायच्या. "अहो, त्यांचं काम झालं, आता काय बघताय?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "चार दिवस सांभाळलंय त्यांना. जाताना तोंड नको बघायला?" त्यावरून सगळे हसायचे, आणि त्यांचं नाव निरोपताई पडलं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. सासू-सासरे, नवरा, दोन पोरी, असं भरलं घर त्यांनी ओढलं होतं. असल्या चिडवण्याने त्या कुठे हलणार?

दुसरे साहेब. प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस सरळ, पण नियमाचा पक्का. टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या.

तिसरी धाकटी डॉक्टर. त्या हकीकतीच्या दोन वर्षं आधी रुजू झालेली. कायम काहीतरी वाचत असायची, आणि डबा खाताना वाचलेलं दुसऱ्यांना सांगत असायची, त्यांनी विचारलेलं असो वा नसो.

आणि चौथ्या म्हणायच्या तर पेशी. त्या मूळच्या हॅमस्टर नावाच्या, उंदरासारख्या एका प्राण्याच्या. तो प्राणी कधीच गेला, पेशी मात्र भांड्यातून भांड्यात जात राहिल्या. दिसायला लांबट, निमुळत्या, एकमेकींना खेटून झोपलेल्या. वीसेक तासांत एकीच्या दोन होतात. दोन होण्याआधी पेशी तळावरून पाय काढून घेते, आक्रसते, गोल होते आणि चमकते. मग मधोमध कंबर आवळल्यासारखी दिसते, आणि बघता बघता दोघी वेगळ्या होऊन पुन्हा आडव्या होतात. निरोगी प्लेटमध्ये कधीही बघा, दहा-बारा ठिकाणी अशा चमकत्या जोड्या दिसतातच. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी पाहिल्या, पण याचा मला कधी कंटाळा आला नाही.

या पेशींचा उपयोग साधा होता. कुणाला जुलाब झाले की त्याचा नमुना यायचा. तो गाळून त्यातले जंतू काढून टाकायचे आणि उरलेलं पाणी पेशींवर घालायचं. जंतूंनी काही विष सोडलं असेल तर ते त्या पाण्यात उतरलेलं असतं. काही विषांनी पेशी लांबुळक्या होतात, काहींनी मरून सुटतात. चोवीस तासांनी एकदा बघायचं, अठ्ठेचाळीस तासांनी दुसऱ्यांदा. काही झालं नसेल तर छापील अहवालावर ठरलेलं वाक्य: 'रोगकारक काहीही आढळले नाही.' खाली साहेबांची सही.

ती वर्षं अशीच गेली. मग एका गुरुवारी चौदा नमुने एकदम आले.

ते होते परिचारिकांच्या शिक्षण केंद्रातल्या मुलींचे. वसतिगृहात चौदा जणींना पोटात कळा, ताप, जुलाब. कुणाकुणाला रक्तही पडत होतं. तोंडावर वार्षिक परीक्षा. निरोपताईंनी त्याच सकाळी नमुने गाळले, चोवीस खळग्यांच्या प्लेटमध्ये चौदा खळग्यांत घातले. उरलेल्यांपैकी काहींत नुसता स्वच्छ द्रव घातला, म्हणजे तुलना करायला बरं. शुक्रवारी बघितलं, काही नाही. शनिवारी सकाळी अठ्ठेचाळीस तास भरले. त्यांनी पुन्हा बघितलं. पेशी जिवंत होत्या, तळाला नीट चिकटलेल्या होत्या. त्यांनी वहीत लिहिलं, 'बदल नाही.' दुपारी अहवाल गेला. जंतू वाढवायच्या नेहमीच्या तपासण्याही कोऱ्याच आल्या होत्या.

आता कबुलीचं बोलतो. शनिवारी मला दिसलं होतं. चौदापैकी नऊ खळग्यांत एकही चमकती जोडी नव्हती. एकही नाही. शेजारच्या स्वच्छ खळग्यांत ठिकठिकाणी जोड्या होत्या, आणि या नऊंत सगळ्या पेशी नुसत्या आडव्या पडलेल्या, थोड्या भरल्या अंगाच्या. ताईंचा डोळा माझ्यावर होता तेव्हा मी ते सगळं त्यांच्यापर्यंत पोचवलं, जसंच्या तसं. पण माणसाचा डोळा आहे ते शोधतो. मेलेली पेशी त्याला दिसते, लांबुळकी झालेली दिसते. जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, ते सहसा दिसत नाही. आणि मला बोट दाखवता येत नाही. मी फक्त दाखवतो.

सोमवारी सकाळी खिडकीवर एक बाई आल्या. आवाज थकलेला होता.

"ताई, हा तुमचाच कागद ना?"

निरोपताई उठून दाराशी गेल्या. "हो, इथलाच. काय झालं?"

"मी शिवणकाम करते. माझी मुलगी त्या वसतिगृहात आहे. या कागदावर लिहिलंय, काही आढळलं नाही. तिथल्या अधीक्षकबाई म्हणतात, बघा, लॅबनेच सांगितलं, मुली परीक्षेला घाबरून नाटकं करतायत. सगळ्यांना आजारी खोलीतून काढून वर्गात बसवलंय. माझी मुलगी काल भिंत धरून चालत होती हो." मग म्हणाल्या, "मला बाकी काही नको. ती खोटं बोलतेय का, एवढं सांगा. मग मीच तिला दोन रट्टे देईन."

निरोपताई म्हणाल्या, "आई, आम्हाला काही सापडलं नाही, एवढंच लिहिलंय त्यात. ती खोटं बोलते असं नाही लिहिलेलं."

"पण अर्थ तोच झाला ना?"

त्या बाई कागदाची घडी घालत निघून गेल्या. घडीचा करकर आवाज मला आत ऐकू आला.

शनिवारची ती प्लेट खरं तर त्याच दिवशी नष्ट व्हायची. पण वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचं झाकण बसत नव्हतं, दुरुस्ती करणारा सोमवारी येणार होता, म्हणून ती इनक्युबेटरमध्येच राहून गेली होती. ताईंनी ती काढली. सवयीने माझ्यावर ठेवली. डोळा लावला.

त्यांचा श्वास थांबलेला मला कळला. श्वासाची वाफ माझ्या काचेवर येते ना, ती आली नाही.

नऊ खळग्यांत राक्षसिणी बसल्या होत्या. एकेक पेशी मूळच्या पाचपट. पसरट, फुगलेली, पोळीसारखी तळाला पसरलेली, आणि आत एकच भलंमोठं केंद्रक. संख्या मात्र गुरुवारी होती जवळपास तेवढीच. शेजारच्या स्वच्छ खळग्यांत एवढी गर्दी की सुई टोचायला जागा नाही. आणि इथे चार दिवसांत कुणी एकीची दोन झाली नव्हती. मेली नव्हती, वाढत होती. फक्त दोन होत नव्हती.

ताईंनी प्लेट काढली, पुन्हा ठेवली. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा बघितलं. मग थेट साहेबांकडे गेल्या आणि त्यांना घेऊनच आल्या.

साहेबांनी बघितलं. "शिळ्या पेशी आहेत. चार दिवस ठेवल्यावर काहीही दिसेल. म्हणून तर अठ्ठेचाळीस तासांचा नियम आहे."

"साहेब, मग शेजारच्या खळग्यांतल्या शिळ्या नाहीत का? एकाच भांड्यातून, एकाच दिवशी, याच हातांनी घातल्यात."

"काहीतरी दूषित झालं असेल."

"नेमके नऊच खळगे? आणि पाणी एवढं स्वच्छ? दूषित झालं की गढूळ होतं, हे मी वीस वर्षं बघतेय."

साहेब माझ्यावरून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अडचण होती. "अहवाल गेलाय हो, माझ्या सहीने. आता काय कळवू? काहीतरी फुगलंय म्हणून? कशाने फुगलं विचारलं तर?"

"ते मला नाही माहीत. पण 'काहीही नाही' हे खरं नव्हतं, एवढं मला दिसतंय."

साहेबांनी पेन्सिल खिशातून काढली, परत खिशात ठेवली. "पुन्हा करा. नेहमीचं काम सांभाळून करा. आणि या वेळी मला शंकेला जागा नको."

धाकटी डॉक्टर हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. तिने डोळा लावला आणि जवळजवळ ओरडलीच. "ताई, असं मी वाचलंय! थांबा हं." धावत जाऊन कागदांचं एक बाड घेऊन आली. मग मोरीच्या कट्ट्यावर बसून तिने ताईंना जे समजावलं, ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं मी जोड्या होताना पाहत होतो, पण त्याआधी आत काय चालतं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हे बघा ताई, पेशी दोन होण्याआधी स्वतःच्या डीएनएच्या धाग्याची नक्कल काढते. म्हणजे दोघींना एकेक प्रत पुरली पाहिजे. नक्कल झाली की ती जरा थांबते आणि तपासते. धागा कुठे तुटलाय का, काही राहिलंय का. सगळं ठीक असेल तरच पुढे जाते. आता काही जंतूंचं विष असं असतं की ते पेशीच्या आत, पार केंद्रकात शिरतं आणि तो धागा कापतं."

"आणि पेशी मरते."

"लगेच नाही ना! तीच तर गंमत. पेशीला कळतं की धागा तुटलाय. ती स्वतःच स्वतःला अडवते. म्हणते, आधी दुरुस्ती, मग विभागणी. पण तुटफूट एवढी असते की दुरुस्ती पुरी पडत नाही. तोवर खाणंपिणं, वाढणं चालूच. म्हणून ती फुगत जाते. शेवटी बऱ्याचशा मरतात, पण खूप उशिरा."

ताई विचारात पडल्या. "म्हणजे विषाने तिला थांबवलं नाही. तिच्या शहाणपणानेच ती थांबली."

"हो. विषाने फक्त कारण दिलं."

"आणि ती थांबली नसती तर?"

"तर तुटलेल्या धाग्याच्या प्रती पुढे गेल्या असत्या. ते आणखी वाईट."

ताई मोरीतली भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "आतडं आतून सारखं नवं होत असतं ना गं?"

"दर चार-पाच दिवसांनी अस्तर बदलतं. नव्या पेशी येतच राहाव्या लागतात."

"आणि त्याच थांबल्या तर पोरी कशा उभ्या राहणार?"

"मुलींच्या पोटात नेमकं एवढंच झालंय, असं मी छातीठोक नाही सांगणार," धाकटी म्हणाली. "प्लेट वेगळी, पोट वेगळं. पण हे विष आहे म्हणजे ते सोडणारा कुणीतरी आहे. आपण त्याला शोधलेलंच नाही."

त्या आठवड्यात मी जितकं काम केलं, तितकं आधीच्या दोन वर्षांत केलं नसेल. थंडीत जपून ठेवलेले ते नऊ नमुने पुन्हा गाळले. प्रत्येकाचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला, दुसरा उकळला. विष असेल तर उकळल्यावर त्याचा जोर जायला हवा. साहेबांनी स्वतः खळग्यांवर नंबर टाकले आणि कुठल्या नंबरात काय आहे तो कागद आपल्या खणात ठेवला, म्हणजे बघणाऱ्याला आधी माहीत नको. निरोपताई दिवसातून तीनदा डोळा लावायच्या आणि या वेळी त्या जोड्या मोजत होत्या. 'अकरा. नऊ. शून्य. बारा. शून्य.' शून्य लिहिताना त्यांचं पेन जरा दाबून चालायचं.

इकडे धाकटी जंतूच्या मागे लागली. तिचा संशय एका नागमोडी, स्क्रूसारख्या वळणाच्या जंतूवर होता. तो मोठा नखरेल. त्याला हवा कमी लागते आणि ऊब जास्त, आपल्या अंगापेक्षाही पाच अंश जास्त. नेहमीच्या तपासणीत तो वाढतच नाही. त्याच्यासाठी लागणारा खास हवेचा सिलिंडर प्रयोगशाळेत दीड वर्ष रिकामा पडून होता. मागणीपत्रं गेली होती, उत्तरं आली नव्हती. मग ताईंनीच काचेची एक मोठी बरणी काढली. आत जंतूंच्या थाळ्या रचल्या, वर एक जाडसर मेणबत्ती पेटवून ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. हवा कमी झाली तशी मेणबत्ती फडफडली आणि विझली.

"झालं तुझ्या पाहुण्याचं बिऱ्हाड," ताई म्हणाल्या. "आमच्या वेळी असंच करायचो."

दोन दिवसांनी थाळ्यांवर पाणी सांडल्यासारखे चपटे, करडे डाग आले. नऊपैकी आठांत तोच तो नागमोडी. आणि शुक्रवारी साहेबांनी खणातला कागद काढला. ताईंच्या वहीशेजारी ठेवला. ज्या ज्या खळग्यात उकळलेलं पाणी होतं तिथे जोड्या होत्या. ज्यात न उकळलेलं होतं तिथे शून्य. एकही चूक नाही.

साहेबांनी दोन्ही कागद तीनदा ताडून बघितले. मग खुर्ची ओढून ते ताईंसमोर बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही ती प्लेट शनिवारी फेकली असती तर..."

"शनिवारी माझ्याच हातून 'बदल नाही' लिहिलं गेलंय, साहेब," ताई म्हणाल्या. "ते मी खोडणार नाही. वहीत राहू दे."

साहेबांनी त्याच दुपारी वसतिगृहाला फोन केला. दार उघडं होतं. "नाही, नाटक नाही. मुली खरोखर आजारी आहेत. आमचा अहवाल अपुरा होता. हो, मी लेखी देतो. चूक आमची." हे शेवटचे दोन शब्द म्हणताना त्यांचा आवाज चढला नाही, पडलाही नाही.

धाकटी वसतिगृहात जाऊन आली. काय खाल्लं, काय प्यायलं, एकेकीला विचारून आली. दूध न घेणाऱ्यांपैकी एकही आजारी नव्हती. न्याहारीला थंड दूध मिळायचं, एका दूध केंद्रातून आलेलं. तिथे दूध तापवायच्या टाकीचा काटा अडकून बसलेला निघाला. दूध कोमट होत होतं आणि काटा पुरेपूर आकडा दाखवत होता. केंद्राचा मालक सारखं म्हणत होता म्हणे, "काटा तर बरोबर दाखवत होता हो!" मला त्याच्यावर फार रागावता आलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण आणखी एक आठवडा गेला आणि त्या शिवणकाम करणाऱ्या आई पुन्हा खिडकीवर आल्या. या वेळी आवाज ओळखूच येईना.

"ताई, तिचे पाय चालत नाहीत. पोट बरं झालं, जेवायला लागली आणि काल उठायला गेली तर पायच नाहीत. आज हातही जड झालेत. परत म्हणतायत, मनाचं आहे. आधी ताण होता, आता त्याचा परिणाम."

ताईंनी धाकटीला हाक मारली, ती अशी की माझा दिवा हलला. धाकटी आली, ऐकलं, आणि तडक खिडकीशी गेली. "आई, हे मनाचं नाही. हा जंतू होऊन गेल्यावर क्वचित असं होतं. फार क्वचित. आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात न्या. आमचा अहवाल घ्या. थांबा, मीच येते."

पुढचं मला नंतर डब्याच्या वेळी कळलं. हे काम त्या धागा कापणाऱ्या विषाचं नव्हतं. त्या जंतूच्या अंगावर काही असं असतं की ते आपल्या नसांवरच्या आवरणासारखं दिसतं. शरीर जंतूवर धावून जातं आणि त्या गडबडीत आपल्याच नसांना मारतं. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अहवाल वाचला, मुलीच्या गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि तासाभरात उपचार सुरू केले. तरी तिचा श्वास दुबळा झालाच. अकरा दिवस ती यंत्राच्या आधाराने श्वास घेत होती. त्या अकरा दिवसांत निरोपताई डबा उघडायच्या आणि तसाच मिटायच्या. दुसऱ्या एखाद्या मुलीला असं झालं नाही. तेही कुणाच्या हातात नव्हतं.

पाच महिन्यांनी खिडकीवर नेहमीचा प्रश्न आला नाही. अर्ध्या उंचीचं दारच उघडलं. आई, आणि तिच्यामागे दोन्ही हातांत कुबड्या घेतलेली एक उंच मुलगी. पहिल्यांदाच त्या दोघींची सावली माझ्यावर पडली.

"हिला बघायचंय म्हणते," आई म्हणाल्या. "मी म्हटलं, उगाच त्रास कशाला देतेस त्यांना."

ताईंनी तिला माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. त्या फुगलेल्या पेशींची, रंग देऊन जपून ठेवलेली एक काच काढली. मुलीने डोळा लावला. तिच्या पापण्या माझ्या काचेला घासल्या.

"हिच्यामुळे झालं सगळं?"

"नाही गं. ही तर तुझ्यासारखीच. हिलाही भोगावं लागलंय."

"मग ही एवढी मोठी का झाली?"

"दोन व्हायचं होतं तिला. होऊ शकली नाही."

मुलीने चक्र फिरवून नीट स्पष्ट केलं. शिकाऊ असली तरी हात सराईत होता. मग डोळा न काढताच म्हणाली, "मावशी, त्या अधीक्षकबाई वर्गात सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, ही सोंगाडी आहे. पुढे लॅबचं पत्र आलं, ते वर्गात वाचून दाखवलं म्हणे. तेव्हा मी यंत्रावर होते. मला काही ते ऐकता आलं नाही. पत्रात काय लिहिलं होतं, नेमकं?"

ताई उठल्या, फाईल काढली आणि सबंध पत्र वाचून दाखवलं. तारखेपासून सहीपर्यंत. वाचताना त्यांचा आवाज सरकारी होता. मुलीने माझ्यावरून डोळा काढला नाही. पत्र संपलं तेव्हा माझी वरची काच ओली झाली होती. तिने ती पदराने पुसली नाही, मऊ कागद मागून घेतला. मग आईकडे वळून म्हणाली, "ऐकलंस?" आई म्हणाली, "मला पहिल्यापासून माहीत होतं." आणि तिघीही एकदम हसल्या, कारण ते काही खरं नव्हतं.

तिने पुढे परीक्षा दिली. एक वर्ष उशिरा दिली. आजही डावा पाय जरासा ओढत चालते, असं ऐकतो.

प्रयोगशाळेत एक बदल झाला. साहेबांनी निवृत्त होण्याआधी अहवालाचा छापील नमुना बदलून घेतला. त्यासाठी त्यांना वर सात पत्रं लिहावी लागली. 'रोगकारक काहीही आढळले नाही' हे वाक्य गेलं. आता तिथे दोन रकाने आहेत. एकात कशाकशासाठी तपासलं ते, दुसऱ्यात कशासाठी तपासलं नाही ते. दुसरा रकाना लांब असतो. लोकांना तो वाचून आधी बरं वाटत नाही, पण कुणी आपल्या मुलीला त्यावरून खोटं ठरवत नाही.

निरोपताई निवृत्त झाल्या. धाकटी डॉक्टर आता धाकटी राहिली नाही, ती साहेबांच्या खुर्चीवर बसते आणि अजूनही जेवताना वाचते. माझ्या जागी पडद्याचं नवं यंत्र आलं. ते स्वतःच फोटो काढतं, स्वतःच मोजतं. चांगलं आहे ते. मला हेवा वाटत नाही, खोटं कशाला बोलू, थोडा वाटतो.

मला खालच्या मजल्यावर शिकवण्याच्या खोलीत आणून ठेवलंय, खिडकीपासून लांब. पण ओल मला सोसली नाही. भिंगाच्या आत बुरशीचा एक बारीक धागा धरलाय, कडेकडेने पसरतोय. दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, वापरा चालेल तोवर. आयुष्यभर मी दुसऱ्यांवर वाढणारं दाखवत आलो, आता माझ्यावरही काहीतरी वाढतंय. त्यालाही जगायचंच असेल.

माझं मागणं मोठं नाही. मला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत पाणी धरतं. आठवड्यातून एकदा दिवा लावा, त्या ऊबेने बुरशी जरा मागे हटते. आणि मुलांना बसवलंत की त्यांना घाई करू नका. पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याला स्वतःच्या पापण्याच दिसतात. मग काळोख, मग उजेड, आणि मग हळूहळू काहीतरी. माझ्या कडा धूसर झाल्यात खऱ्या. पण मधोमध अजून स्वच्छ आहे. या, स्टूल ओढून घ्या.